सात नंबरचं धोतर

माझे वडील उन्हाळ्यात पाय फाकवून चालायचे. गावातली पोरं त्यांच्या मागं तसंच चालून दाखवायची आणि त्या पोरांत मीही होतो, हे आधीच सांगून टाकतो. आमचं गाव पिंपळगाव रेणुकाई, रान काळं, ऊन कडक. जाडंभरडं धोतर घामानं भिजलं की मांड्यांमध्ये त्याचा पिळा होतो आणि त्या पिळ्यात रानातली धूळ बसते. असं धोतर नेसून दिवसभर औतामागं चाललं की वडिलांच्या दोन्ही मांड्या आतून सोलून निघायच्या. संध्याकाळी ते भिंतीकडं तोंड करून एरंडेल लावत बसायचे. जागाच अशी की कुणाजवळ बोलायची सोय नाही. घरात कुणी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही.

पुढं मी शिकलो आणि बदनापूरजवळच्या एका कापूस-शेतावर मला नोकरी लागली. लढाई चालू होती. शेताच्या कडेला कापसाची आणि कापडाची तपासणी करायची एक खोली होती. त्या खोलीत मी, एक शिपाई आणि आमचे साहेब, एवढेच. साहेब हैदराबादचे, वयानं वडिलांएवढे, अतिशय सभ्य. रागावले तरी 'मियाँ' म्हणूनच रागवायचे. काळ्या मखमलीवर कापसाचे तंतू पसरून त्यांची लांबी मोजणं हे माझं पहिलं काम. मग सुताची ताकद, मग कापड. कापडावर मिठाच्या पाण्याचा थेंब टाकायचा आणि तो किती वेळात जिरतो ते घड्याळात बघायचं. ओल्या कापडाचं वजन करायचं, वाळल्यावर पुन्हा करायचं. लाकडी ठोकळ्यावर कापड ताणून त्यावर चामड्याचा पट्टा फिरवायचा आणि भोक पडेपर्यंत फेरे मोजायचे. शिपायाला वाटायचं, सरकारनं कापडं फाडायला पगारी माणूस ठेवलाय.

शेतावर त्या वर्षांत एका नव्या कापसाची लागवड चालली होती. आमच्या गावरान कापसापेक्षा त्याचा तंतू लांब, त्यामुळं सूत बारीक निघायचं. कापड हलकं आणि मऊ, घाम लवकर पिणारं, लवकर वाळणारं. खोलीतल्या सगळ्या कसोट्यांना ते उतरलं. ठोकळ्यावर पट्टा फिरवताना माझ्या डोळ्यांसमोर कोण यायचं, ते सांगायला नको. मला सरकारशी काही देणंघेणं नव्हतं. मला फक्त एवढंच पाहिजे होतं की माझ्या बापानं एक उन्हाळा सरळ पायांनी चालावं.

साहेबांनी ठरवलं, खोलीतली तपासणी पुरे झाली, आता हे कापड माणसांना नेसवून बघायचं. सूत गिरणीतून आणलं, जालन्यातल्या मस्तगडाकडच्या एका विणकराकडून धोतरं विणून घेतली. काठ अगदी नावाला. लोक बाजारातून जशी कोरी आणतात तशीच कोरी, विणताना सुताला लावलेली खळ न काढता द्यायची, असं ठरलं. घरी दोनदा धुवायची आणि मग नेसायची. ओळख पटावी म्हणून प्रत्येकाच्या एका कोपऱ्यावर मी बिब्ब्याच्या रसानं आकडा घातला, परीट घालतात तसा. माणसं कुठली निवडायची, असा प्रश्न निघाला तेव्हा मी पटकन माझ्या गावाचं नाव सांगितलं. औतामागं सगळ्यात जास्त चालण्यात ज्यांचा जन्म गेला, अशी बारा वयस्क माणसं निवडली. एक नंबर वडिलांचा. सात नंबर आमच्या बांधाला बांध असलेल्या काकांचा. हे काका नात्यानं कुणी नव्हते, पण वडिलांच्या बरोबरीचे होते. दोघांची विहीर एक, मोट एक, तंबाखूची चंची एक.

कापडाचा तेव्हा काय दुष्काळ होता हे आजच्या माणसाला सांगून पटायचं नाही. सगळं कंट्रोलवर. परवाना असेल तर कापड, आणि परवाना असला तरी दुकानात कापड असेल तर. बायका एकच लुगडं दोन्हीकडून नेसत. अशा दिवसांत मी बैलगाडीतून कोऱ्या धोतरांचा गठ्ठा घेऊन गावात उतरलो तेव्हा माझा रुबाब बघण्यासारखा होता. पारावर एकेकाला बोलावून धोतर दिलं, वहीत अंगठे घेतले आणि दोनदा धुवायचं, रोज नेसायचं, रानात नेसायचं असं बजावून सांगितलं. सगळ्यांनी माना हलवल्या. काकांनी धोतर नाकाशी नेलं, वास घेतला आणि म्हणाले, "लई झ्याक कापड हाये बाबू. सरकारचं म्हनलं की सरकारचंच."

त्यानंतर मी दर महिन्याला जायचो. बदनापूरहून रेल्वेनं जालना, तिथून खडखडत्या मोटारीनं भोकरदन, पुढं बैलगाडी. पारावर बसून एकेकाला विचारायचं. घाम आला की चिकटतं का? टोचतं का? मांडीला लागतं का? उत्तरं ठरलेली. "बराबर हाये." "कायबी तरास न्हाई." "बिलकुल मऊ." वडीलही तेच म्हणायचे, आणि म्हणताना माझ्याकडं न बघता बैलाच्या पाठीवरून हात फिरवायचे. मी लिहून घ्यायचो. त्यांच्या अंगावर धोतर असायचं, पण ते माझंच आहे का, हे कसं ओळखणार? काळ्या रानात आठ दिवस गेले की सगळ्या धोतरांचा रंग एक. आकडा बघायचा तर तो कोपरा कमरेला खोचलेला. बापाच्या वयाच्या माणसाला, पारावर, चारचौघांत, 'काका, जरा धोतराचा खोचा सोडून दाखवा' असं म्हणायला माझी जीभ रेटेना. तपासणीला निघालेला मी लाजेपायी तपासणीच करत नव्हतो.

तीन महिन्यांनी साहेबांनी माझी वही चाळली. चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मियाँ, बारा आदमी, और जवाब एकच? बारा आदमी तो बिर्यानी को भी एक साथ अच्छी नईं बोलते. जाओ, कपडा लेके आओ. मैं खुद देखूँगा."

मी गेलो. चैत्र संपत आला होता, फुफाटा तापलेला. घरी पोचलो तर वडील रानातून येत होते, लांबूनच दिसले. पाय फाकवून चालत होते.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी सरळ घरात जाऊन कपड्यांची पेटी उघडली. धोतर तळाशी होतं. कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेलं, विणकरानं घातलेली घडी जशीच्या तशी. पाण्याचा थेंब लागलेला नव्हता. मी ते घेऊन बाहेर आलो आणि वडिलांसमोर धरलं.

"हे काय आहे?"

ते ओट्यावर बसले. पायाची धूळ झटकू लागले. आईनं आतून सांगितलं, "बोला की आता. आज न उद्या त्याला कळनारच व्हतं."

मग त्यांनी सांगितलं. आदल्या वर्षी गावातली एक म्हातारी वारली होती. परवाना काढून कापड आणेपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. चार ठिगळांच्या जुन्या लुगड्यात तिला न्यावं लागलं. तिचा लेक अजून कुणाशी नजर मिळवून बोलत नव्हता. आमच्याकडं माणूस जाताना कोऱ्या कापडात जातो. गरिबातला गरीबही तेवढं एक कोरं अंगावर घेऊन जातो. त्या म्हातारीनंतर गावच्या म्हाताऱ्यांनी धसका घेतला होता. तेवढ्यात मी गठ्ठा घेऊन आलो, आणि माणसंही वेचून सगळी साठीची निवडली.

"बाराच्या बारा जनांनी ठेवून देलेत," वडील म्हणाले. "तू सरकारी मानूस, तुला काय सांगावं? तुही नोकरी जाईन म्हनून बराबर हाये, बराबर हाये म्हनत राह्यलो."

आज मला हे ऐकून त्यांचे पाय धरावेसे वाटतात. तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो आणि मला विज्ञान येत होतं. मी भडकलो. मेल्यावर काय नेसवलं ते कुणाला कळतं, म्हणालो. जिवंत मांड्या सोलून निघतायत आणि तुम्ही मढ्यासाठी कापड राखून ठेवता, म्हणालो. 'मढं' हा शब्द मी माझ्या बापासमोर वापरला. आई आत निघून गेली. मी चुलीवर मोठं पातेलं ठेवलं, पाण्यात सोडा टाकला आणि ते धोतर उकळलं. ज्वारीच्या पिठाची खळ सुटून पाणी पांढरं झालं. विहिरीवर नेऊन आपटलं, पुन्हा उकळलं, वाळवलं आणि संध्याकाळी वडिलांच्या हातात दिलं.

त्यांनी ते हातात तोललं. आत जाऊन नेसून आले.

दुसऱ्या दिवशी मी बाकीच्यांकडं गेलो. चौघं-पाच जण ओशाळले आणि नेसू लागले. काही जणांनी 'आमचं राहू दे' म्हणून हात जोडले. काकांनी मात्र सरळ सांगितलं, "माहं मी देनार न्हाई आन् धुनार बी न्हाई. सरकारला सांग, हरवलं म्हनून." मी त्यांना सगळ्यांसमोर अडाणी म्हणालो. वहीत त्यांच्या नावापुढं 'खोटी माहिती दिली, नाव कमी केले' असं लिहिलं आणि ते त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं, कारण त्यांना वाचता येत नव्हतं. ते ऐकून घेऊन उठले. त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. वडिलांशी मैत्री होती तशीच राहिली. मी घरी असलो की मात्र ते आमचा ओटा चढत नसत. साहेबांकडं मी रिकाम्या हातानं परत गेलो आणि कापड अजून कुणी नेसलंच नव्हतं, हे सांगून टाकलं.

वडिलांनी तो उन्हाळा त्या धोतरावर काढला. मी जूनमध्ये गेलो तेव्हा ते सरळ चालत होते. मांड्यांवरची कातडी भरून आली होती. एरंडेलाची वाटी फळीवर चढली होती. मी विचारलं नव्हतं तरी स्वतःहून म्हणाले, "हलकं हाये. पाय मोकळा पडतो." माझ्या सगळ्या नोकरीत मला मिळालेलं हे पहिलं खरं उत्तर. खोलीत साहेबांना सांगितलं तेव्हा त्यांनी वहीतली आधीची सगळी पानं माझ्यासमोर काट मारून रद्द केली आणि हे एक वाक्य ठेवलं. मला वाटलं, मी जिंकलो.

दोन वर्षं गेली. ते धोतर विरत गेलं, आईनं दोन ठिकाणी रफू केलं, तरी वडील तेच नेसायचे. मग रझाकारांचे ते शेवटचे महिने आले. रस्ते बंद, मोटारी बंद, बाजार उठलेले. निजामाच्या हद्दीबाहेरून येणारा माल थांबला होता आणि कंट्रोलच्या दुकानातही कापड नव्हतं. श्रावणात निरोप आला की वडिलांना ताप आहे. मी कसाबसा, बराचसा पायी, गावी पोचलो.

ताप उतरत नव्हता. काका रोज यायचे, आता ओटा चढून आत यायचे, वडिलांच्या पायाशी बसायचे. माझ्याशी बोलायचे नाहीत. चौथ्या दिवशी आईनं माझ्या चुलतभावाला बाजूला घेऊन हळूच काहीतरी सांगितलं आणि भोकरदनला पाठवलं. औषधाला पाठवलं असेल, असं मला वाटलं. तो दुसऱ्या दिवशी दुपारी परत आला आणि दारातूनच आईला म्हणाला, "एकबी दुकान उघडं न्हाई काकू. लोकायच्या घरीबी इचारलं. कोरं कुठंच न्हाई."

तेव्हा मला कळलं तो कशासाठी गेला होता. वडिलांनाही कळलं, कारण ते जागे होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या तोंडाकडं बघून त्यांना माझी दया आली असावी.

"त्ये धोतर लई बरं व्हतं रे," ते म्हणाले. "तीन उन्हाळे पाय मोकळे ठेवले त्यानं. आता कायबी चालतं."

त्यांना काहीही चालत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःसाठी म्हणून एक वस्तू राखून ठेवली होती आणि मी ती सोड्यात उकळली होती. मी त्यांचा हात धरून बसलो. माफी मागायची राहिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

माणसं जमली. अंघोळ घातली. आईनं ते धोतर आणून दिलं. धुऊन, घडी करून. रफूच्या जागा तिनं आतल्या बाजूला दुमडल्या होत्या. कोपऱ्यावरचा एकचा आकडा पुसट होऊन नुसती रेघ उरली होती. सगळे खाली बघत होते, त्या म्हातारीच्या वेळी बघत असतील तसे. मी ते धोतर उलगडायला घेतलं आणि रफूची पहिली जागा वर आली.

काका उठून बाहेर गेले. मला वाटलं, त्यांना हे बघवेना. थोड्या वेळानं ते परत आले, काखेत कापड होतं. माझ्यासमोर येऊन उभे राहिले. दोन वर्षांनी ते माझ्याशी बोलले.

"घे. सात नंबर. पानी लागलेलं न्हाई याला."

"आणि काका, तुम्हाला?"

"त्यो आदी गेला. मंग त्याचं आदी."

विणकरानं घातलेली घडी मीच मोडली. खळीचा, कोऱ्या सुताचा वास सगळ्या अंगणात पसरला. बिब्ब्यानं घातलेला सात काळाभोर होता, कालच घातल्यासारखा. माझी वही ज्याला खोटेपणा म्हणत होती, तो खोटेपणा दोन वर्षं पेटीत कोरा राहिला म्हणून माझा बाप ठिगळांत गेला नाही.

आमच्याकडं रीत अशी की प्रेतवस्त्राचीच एक पट्टी फाडून ती अग्नी देणाऱ्यानं उघड्या खांद्यावरून कमरेपर्यंत तिरपी बांधायची आणि दहा दिवस अंगावरून काढायची नाही. मी ती बांधली. वर दुसरं कापड नाही. पहिल्याच दिवशी ती टोचायला लागली. खळीनं कडक झालेली, फाडलेल्या कडेचे दोरे काट्यांसारखे. घाम आला की चिकटायची, वाळली की खरवडायची. दुसऱ्या दिवशी खांद्यापासून बरगडीपर्यंत लाल पट्टा उठला. लांब तंतूचं, बारीक सुताचं, सगळ्या कसोट्यांना उतरलेलं ते कापड. मी त्यावर पाण्याचे थेंब मोजले होते, फेरे मोजले होते, बारा म्हाताऱ्यांना दर महिन्याला टोचतं का म्हणून विचारलं होतं. पण स्वतःच्या अंगाला मी ते कधी लावून बघितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी अंघोळ करताना मी रडलो. ते अंगाच्या त्या आगीमुळं की बापामुळं, मला वेगळं काढता येत नव्हतं.

रोज सकाळी ओढ्यावर पट्टीसकट अंघोळ. हळूहळू खळ जायला लागली. सहाव्या-सातव्या दिवशी चावणं थांबलं. दहाव्या दिवशी पट्टी इतकी मऊ झाली होती की अंगावर आहे हे विसरायला व्हावं. मला ती सोडून पाण्यात टाकायची होती. भटजींनी दोनदा सांगितलं तरी माझा हात तिच्यावरून निघेना. शेवटी काकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा मी गाठ सोडली.

परत येताना आम्ही दोघं मागं राहिलो. मी म्हणालो, "काका, रस्ते सुरू झाले की पहिलं कोरं धोतर तुम्हाला आणून देतो."

त्यांनी वाटेतला काटा पायानं बाजूला सारला. मग म्हणाले, "आन. पन धुऊन आनू नको."

एवढं बोलून ते हसले, आणि मग बांधावर बसून माझ्या बापासाठी ढसाढसा रडले. मी त्यांच्याजवळ बसून राहिलो.

दिवाळीनंतर जालन्याचा बाजार उघडला तसं मी त्यांना धोतर नेऊन दिलं. उन्हाळ्यात ते जुनंच जाडंभरडं नेसून औतामागं पाय फाकवून चालताना मला लांबून दिसले. मी त्यांना काही म्हणालो नाही.